जॅकी कूगन: मूकपटातल्या पोराची कमाई आणि तिचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षांच्या मुलाची एका मालिकेसाठी निवड झाली आहे आणि घरात वाद पेटला आहे. नवऱ्याचं म्हणणं, चॅप्लिनच्या ‘द किड’मधला तो गोड पोरगा आठवतो ना, त्याची सगळी कमाई त्याच्या आईनंच खाल्ली, आपल्याला हे धंदे नकोत. तर ही गोष्ट खरी किती? त्या काळात आवाजच नव्हता, तर एवढ्याशा मुलांकडून अभिनय करून घेत तरी कसा? आणि आपण यातून काय धडा घ्यायचा?

मी बरीच वर्षं मराठी मालिका आणि सिनेमांच्या सेटवर लहान मुलांची बाजू सांभाळते. संवाद पाठ करून घेणं, पेंगुळलेल्या पोराला शेवटच्या शॉटसाठी जागं ठेवणं, आणि प्रसंगी ‘आता बास, याला घरी पाठवा’ असं दिग्दर्शकाला तोंडावर सांगणं, हे सगळं त्यात आलं. त्यामुळे त्या पोराची, म्हणजे जॅकी कूगनची गोष्ट मी सिनेरसिक म्हणून कमी आणि कामाचा भाग म्हणून जास्त वाचली आहे. तुमच्या यजमानांनी सांगितलेलं खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं जास्त उपयोगाचं आहे.

जॅकीचा जन्म २६ ऑक्टोबर १९१४चा, लॉस एंजेलिसचा. आईबाप दोघंही रंगमंचावरचे. बाप जॅक कूगन व्हॉडेव्हिलमध्ये नाचायचा. व्हॉडेव्हिल म्हणजे नाच, गाणी, नकला, कसरती असा एकामागोमाग एक ‘आयटम’चा खेळ, आज या गावात तर उद्या त्या गावात. पोरगं विंगेतच वाढलं आणि बापाच्या आयटममध्ये शेवटी येऊन दोन मिनिटं धमाल करून जाऊ लागलं. १९१९ साली लॉस एंजेलिसच्या ऑर्फियम थिएटरात चॅप्लिननं हा चार वर्षांचा मुलगा पाहिला. तेव्हाचा फॅशनेबल ‘शिमी’ नाच तो मोठ्या माणसाच्या ऐटीत करत होता. चॅप्लिनचे ते दिवस वाईट होते. डोक्यात नवी कल्पना येत नव्हती, संसार मोडायच्या बेतात होता, आणि जुलै १९१९मध्ये त्याचं पहिलं मूल जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं होतं. त्याच सुमारास एक भटक्या आणि त्यानं वाढवलेलं टाकून दिलेलं पोर, ही गोष्ट त्याच्या मनात आकार घेऊ लागली.

पुढचा किस्सा चॅप्लिननंच सांगून ठेवला आहे. जॅकी डोक्यात पक्का बसला, आणि तेवढ्यात स्टुडिओत बातमी आली की रॉस्को आर्बकल या विनोदी नटानं कूगनला करारबद्ध केलं. चॅप्लिन हवालदिल. हातचं पोर गेलं म्हणून स्वतःला बोल लावत बसला. नंतर कळलं की आर्बकलनं घेतला तो बाप, पोरगा नव्हे. जीव भांड्यात पडला. बापानं आनंदानं होकार दिला, इतकंच नाही तर ‘द किड’मध्ये त्यानं स्वतःही छोटी कामं केली. धर्मशाळेतला खिसेकापू तोच आणि स्वप्नातला सैतानही तोच. मोठ्या सिनेमाआधी चॅप्लिननं जॅकीला १९१९च्या ‘अ डेज प्लेझर’ या लघुपटात अगदी छोटं काम देऊन कॅमेऱ्यासमोर उभं करून पाहिलं होतं. ही पद्धत मला आजही पटते. मुलाला थेट मोठ्या भूमिकेत ढकलण्यापेक्षा एखादा दिवस नुसतं सेटवर वावरू द्यावं. दिव्यांची, माणसांची, आरडाओरड्याची भीती मोडते आणि मूल टिकेल की नाही तेही आपल्याला कळतं.

आता अभिनयाचं. मूकपटातली मुलं ‘नैसर्गिक’ होती, कॅमेरा लावून ठेवला आणि ती आपली खेळत राहिली, असा एक भाबडा समज आहे. ‘द किड’ पुन्हा लावा आणि दगड मारायचा प्रसंग बघा. धंद्याची वाटणी अशी: पोरानं घरांच्या काचा फोडायच्या, आणि मागून पाठीवर काचा घेऊन येणाऱ्या चार्लीनं त्या बसवून द्यायच्या. पोरगा एका खिडकीसमोर दगड घेऊन उभा आहे. नेम धरतो, हात मागे नेतो, आणि मागे नेलेला हात कशाला तरी लागतो. तो न बघता चाचपतो. कोट लागतो, बटणं लागतात. मग मान वर. पोलीस! क्षणभरही न गडबडता तो तोच दगड हवेत उडवून झेलतो, जणू खेळच चालला होता, मग तो टाकून देतो, रमतगमत चार पावलं जातो आणि एकदम धूम ठोकतो.

यात किती तुकडे आहेत ते मोजा. चॅप्लिननं हे सगळं आधी स्वतः करून दाखवलं, एकेक हालचाल वेगळी करून: आता दगड, आता खिडकी, आता हात मागे, आता कोट, आता बटण, आता वर बघ. मुलाकडून तीन-चारदा तालीम करून घेतली. त्याचं निरीक्षण असं होतं, की हालचाली अंगात पक्क्या बसल्या आणि भाव त्यांच्यामागून आपोआप आला. ‘तुला भीती वाटते आहे असं समज’ वगैरे काही सांगावं लागलं नाही. माझा अनुभवही हाच आहे. सहा वर्षांच्या मुलाला ‘दुःखी हो’ म्हणालात तर ते ओठ बाहेर काढून नाटकी तोंड करतं. त्यालाच ‘पिशवी खाली ठेव, दाराकडे बघ, मनात दोन आकडे मोज, मग आजीकडे बघ’ असं सांगा, पाहणाऱ्याच्या पोटात गलबलतं. जॅकीची खरी देणगी वेगळीच होती. एकच गोष्ट दहादा करूनही तो ती शिळी होऊ देत नसे. चॅप्लिनसारख्या माणसाबरोबर हे फार महत्त्वाचं, कारण त्यानं ‘द किड’साठी जेवढी फिल्म खर्ची घातली ती प्रदर्शित सिनेमाच्या पन्नासपटीहून जास्त होती. रीटेकवर रीटेक. मोठे नट कातावतील अशा कामात हे चार-पाच वर्षांचं पोर टवटवीत राहिलं. नकला करणं त्याच्या हाडीमाशी होतं आणि समोर नक्कल करायला जगातला सगळ्यात मोठा मूकाभिनेता होता, असा तो योग.

मूकपटाचा एक फायदा आज आम्हाला मिळत नाही. शॉट चालू असताना दिग्दर्शक बोलू शकत होता! आवाज टिपलाच जात नव्हता, त्यामुळे कॅमेऱ्याशेजारून ‘आता वळ, आता हस, आता त्याच्याकडे बघ’ असं बिनदिक्कत सांगता येत होतं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत हॉलिवुडच्या सेटवर भाव जागे व्हावेत म्हणून व्हायोलिन आणि छोटा ऑर्गन वाजवणारी माणसंसुद्धा ठेवत. मूकपटाचा सेट हा बहुधा सिनेमाच्या इतिहासातला सगळ्यात गोंगाटाचा सेट असावा. लहान मुलाला असा सततचा हात धरणारा आवाज मिळाला तर अर्धं काम सोपं होतं. बोलपट आल्यावर तो आवाज बंद झाला, मुलांना ओळी पाठ करून एकट्यानं टेक काढावा लागला, आणि मूकपटात चमकलेली कितीतरी पोरं तिथं अडखळली. आमच्याकडे संवाद नसलेल्या शॉटमध्ये मी अजूनही कॅमेऱ्यामागून बोलत राहते. साउंडवाले वैतागतात, वैतागू देत.

पण त्या पद्धतीची काळी बाजू तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. ‘द किड’मधला सगळ्यांना आठवणारा प्रसंग कोणता? अनाथाश्रमाची माणसं येतात, पोराला ओढून गाडीत टाकतात, आणि ते हात पसरून आक्रोश करतं. ते रडणं अस्सल आहे. चॅप्लिनच्या आठवणींनुसार त्या दिवशी पोरगं मजेत होतं, काही केल्या रडेना. चॅप्लिन कंटाळला. तेव्हा बाप म्हणाला, मी रडवतो. बापानं पोराला बाजूला घेऊन दम दिला: रडला नाहीस तर तुला इथून उचलून खऱ्याच अनाथाश्रमात नेऊन टाकीन. पोरगं हंबरडा फोडून रडलं, शॉट मिळाला. नंतर चॅप्लिननं त्याला जवळ घेऊन समजूत घातली, तर जॅकी हळूच म्हणाला की बाबा गंमत करत होते हे मला ठाऊक होतं.

हा किस्सा लोक कौतुकानं सांगतात. मला त्यात कौतुक दिसत नाही. पोराला गंमत ठाऊक होती असं आपण धरून चालू, पण त्याला खात्री नव्हती म्हणूनच तर अश्रू आले. आणि धमकी देणारा कोण, तर ज्याच्या पंखाखाली राहायचं तोच बाप. माझा नियम साधा आहे: सेटवर मूल रडायचं असेल तर ग्लिसरीन, नाहीतर पाठमोरा शॉट, नाहीतर तो प्रसंग मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर घ्या. ‘आई तुला सोडून गेली’ असं सांगून रडवणारे महाभाग आजही भेटतात, आणि त्यांतले निम्मे त्या मुलांचे स्वतःचे आईवडील असतात.

जॅकीला निदान चॅप्लिन भेटला. बेबी पेगीला तेवढंही नशीब लाभलं नाही. १९१८ साली जन्मलेली ही मुलगी दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा सेंच्युरी स्टुडिओत ब्राउनी नावाच्या कुत्र्याबरोबर विनोदी लघुपटांत उभी राहिली. बाप घोडेस्वारीची आणि धोक्याची कामं करणारा काउबॉय; पोरगी सांगितल्या शब्दाला जागते एवढाच त्याला अभिमान. आठवड्याचे सहा दिवस काम. ‘द डार्लिंग ऑफ न्यू यॉर्क’ या १९२३च्या सिनेमात आगीचा प्रसंग होता. केरोसीन शिंपडलेला सेट ठरल्यापेक्षा आधीच पेटला, बाहेर पडायचं दार हाताला चटका देत होतं, आणि त्या चिमुरडीला आपली वाट आपणच शोधून जळत्या खिडकीतून बाहेर यावं लागलं. १९२५मध्ये बापाचं निर्मात्याशी पैशांवरून वाजलं आणि वयाच्या सातव्या वर्षाच्या आत तिची सिनेमातली कारकीर्द आटोपली. मग पोटासाठी व्हॉडेव्हिलचे दौरे, आणि मोठेपणी त्याच हॉलिवुडमध्ये गर्दीत उभं राहायचं काम. पुढं डायना सेरा कॅरी या नावानं तिनं बालकलाकारांचा इतिहास लिहिला, जॅकीचं चरित्रही लिहिलं, आणि २०२०मध्ये १०१ वर्षांची होऊन गेली. आपण या मुलांबद्दल आज जे आतून जाणतो त्यातलं पुष्कळसं तिच्यामुळे.

आपल्याकडचंही सांगायला हवं. चॅप्लिन जॅकीला घडवत होता त्याच १९१९ साली नाशिकला दादासाहेब फाळक्यांचा ‘कालियामर्दन’ तयार झाला, आणि त्यातला बाळकृष्ण होती त्यांची मुलगी मंदाकिनी. आदल्या वर्षीच्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्येही तीच कृष्ण होती. त्याआधी १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला होता तो त्यांचा मुलगा भालचंद्र. ‘कालियामर्दन’ बऱ्यापैकी शिल्लक आहे. सुरुवातीलाच गोष्ट बाजूला ठेवून सात वर्षांच्या मंदाकिनीच्या चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव एकामागून एक दाखवले आहेत, बघा ही पोरगी काय करू शकते, अशा थाटात. मग सबंध सिनेमाभर ती खोड्या करते, आणि पाण्यात शिरून कालियाशी झुंजते. मंदाकिनीचा बापच दिग्दर्शक, बापच निर्माता, सगळा मामला घरचा. तिथं पोरीच्या मेहनतान्याचा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल असं वाटत नाही. जॅकीच्या घरी मात्र तो प्रश्न लाखांचा झाला.

‘द किड’ जानेवारी १९२१मध्ये न्यू यॉर्कला पहिल्यांदा दाखवला गेला आणि सहा वर्षांचा जॅकी रातोरात जगाचा लाडका झाला. त्याच वर्षी ‘पेक्स बॅड बॉय’, १९२२मध्ये ‘ऑलिव्हर ट्विस्ट’, त्यात फॅगिन म्हणून साक्षात लॉन चेनी, मूकपटातला नामांकित नट. १९२३मध्ये मेट्रो या सिनेमा कंपनीनं नुसत्या सहीसाठी त्याला पाच लाख डॉलर मोजले. त्याच्या नावाचं शेंगदाण्याचं लोणी डब्यांतून विकलं जात होतं. बाहुल्या, वह्या, शिट्ट्या, त्याच्या तोंडवळ्याच्या मूर्ती, सगळं बाजारात होतं. ढगळ पँट, फाटका स्वेटर आणि तिरकी टोपी हा गरिबीचा वेश श्रीमंतांच्या मुलांनी हौसेनं घातला. १९२४मध्ये युद्धानं पोळलेल्या पूर्वेकडच्या अनाथ मुलांसाठी तो अमेरिकाभर मदत गोळा करत फिरला आणि मग ग्रीसपर्यंत गेला. दहा लाख डॉलरहून जास्त किमतीचं धान्य आणि कपडे जमले. वाटेत रोमला पोपशी भेट झाली. वय नऊ.

मग त्याचा दुसरा दात पडतो, हात लांब होतात, आवाज फुटायला लागतो. त्याचे ते कपाळावर कापलेले, कानावरून आलेले केस ही त्याची ओळख होती. ते कापायची वेळ आली तेव्हा स्टुडिओनं त्याचाही सिनेमा केला, १९२७चा ‘जॉनी गेट युअर हेअर कट’. धंदा काय चीज असते ते यात कळतं. पण केस कापल्यावर उरला तो चारचौघांसारखा बारा वर्षांचा मुलगा. १९३० आणि १९३१मध्ये टॉम सॉयर आणि हकलबरी फिनच्या बोलपटांतून त्यानं पुन्हा डोकं वर काढलं, पण जुनी जादू परतली नाही. यात त्याचा दोष नव्हता. बालकलाकाराचं भांडवल म्हणजे त्याचं वय, आणि ते रोज थोडं खर्च होतंच.

आता पैशांचं. या सगळ्या वर्षांत जॅकीची कमाई ३० ते ४० लाख डॉलर झाली असा अंदाज आहे, तेही तेव्हाचे डॉलर. त्याला हातखर्चाला मिळत होते आठवड्याला सव्वासहा डॉलर. सगळा कारभार बापाकडे आणि आर्थर बर्नस्टीन नावाच्या व्यवस्थापकाकडे. जॅकी बापाबद्दल कधी वाकडं बोलला नाही. एकविसाव्या वर्षी सगळं माझ्या हातात येईल अशी त्याची समजूत होती. ४ मे १९३५ला मेक्सिकोतून शिकार करून परतताना त्यांची मोटार सॅन डिएगोजवळ दरीत कोसळली. बाप गेला, जॅकीचा मित्र आणि बालनट ज्युनियर डर्किन गेला, आणखी दोघं गेले. वाचला एकटा जॅकी. ऑक्टोबरात तो २१ वर्षांचा झाला, आणि पैसे आले नाहीत. पुढं आईनं, लिलियननं, त्याच बर्नस्टीनशी लग्न केलं.

एप्रिल १९३८मध्ये जॅकीनं आई आणि सावत्र बापावर दावा लावला. तोवर त्याचं बेट्टी ग्रेबल या नटीशी लग्न झालं होतं आणि खिशात फारसं काही नव्हतं. आईचं म्हणणं ऐकून लोक हादरले: मूल सज्ञान होईपर्यंत जे कमावतं तो पैसा आईबापांचा, आम्ही त्याला काही द्यायचं कबूल केलंच नव्हतं. ऐकायला निर्दय वाटतं. पण कायद्याच्या दृष्टीनं ती चुकत नव्हती! कॅलिफोर्नियात तेव्हा हाच कायदा होता. शेतात नाहीतर गिरणीत राबणाऱ्या पोराची मजुरी बापाच्या हाती पडायची, कारण पोराला पोसायची जबाबदारी बापाची, या जुन्या हिशेबावर तो बेतलेला होता. आठवड्याच्या काही डॉलर मजुरीला तो नियम एक वेळ चालला असेल. लाखो डॉलर मिळवणाऱ्या पोराची कल्पनाच तो करणाऱ्यांनी केली नव्हती. शेवटी हिशेब लागला तेव्हा शिल्लक होते जेमतेम अडीच लाख डॉलर. तडजोडीत जॅकीच्या पदरात पडले सुमारे १,२६,००० डॉलर. बेट्टीशी लग्नही १९३९मध्येच मोडलं.

तेव्हा तुमच्या यजमानांना सांगा, आईनं पैसे उडवले हे खरं, पण तिला ते उडवायची मुभा कायद्यानं दिली होती. बाप जिवंत असतानाही पोराच्या नावावर वेगळं असं काही बाजूला पडलं नव्हतंच. चांगल्या बापाच्या भरवशावर आणि वाईट आईच्या मर्जीवर, दोन्ही वेळा हिशेबाची वही एकच होती आणि ती मुलाच्या नावानं नव्हती. मला या गोष्टीत खलनायक शोधणं म्हणूनच फारसं कामाचं वाटत नाही.

त्या खटल्याचा गवगवा एवढा झाला की १९३९मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला. लोक त्याला कूगन कायदाच म्हणतात. कोर्टानं मंजूर केलेल्या करारात मुलाच्या निव्वळ कमाईच्या निम्म्यापर्यंतचा भाग राखून ठेवायला कोर्ट सांगू शकत होतं. इथंच घोडं पेंड खात होतं: करार कोर्टापुढे नेलाच नाही तर कायदा लागूच होत नसे, आणि ‘निव्वळ’ म्हणजे आईबापांनी दाखवलेला खर्च वजा जाता. बोलपटातली गाजलेली बालनटी शर्ली टेंपल हिनं पुढं हिशेब पाहिला, तेव्हा बत्तीस लाखांवर डॉलर कमावलेल्या तिच्या नावावर ४४,००० उरले होते. ही भोकं बुजायला २००० साल उजाडलं. आता तिथं मुलाची कमाई मुलाचीच मालमत्ता मानतात, आणि एकूण मोबदल्यातले १५ टक्के खर्च वजा न करता थेट त्याच्या राखीव खात्यात जातात.

जॅकीचं पुढचं आयुष्य लोक सांगत नाहीत, कारण त्यानं रडकी गोष्ट बिघडते. १९४१मध्ये तो सैन्यात गेला, इंजिन नसलेली ग्लायडर विमानं उडवायला शिकला, धोक्याच्या कामगिरीसाठी आपणहून नाव दिलं, आणि १९४३च्या अखेरीस आला कुठं, तर हिंदुस्थानात. ५ मार्च १९४४च्या रात्री आसामात सिल्चरजवळच्या लालाघाट धावपट्टीवरून ग्लायडर ओढत नेले गेले आणि ब्रह्मदेशात जपानी फौजेच्या पिछाडीला, जंगलातल्या मोकळ्या जागेत, अंधारात उतरवले गेले. चिंडिट, म्हणजे शत्रूच्या पिछाडीला लढणाऱ्या ब्रिटिश दलाच्या सैनिकांना घेऊन उतरलेल्या त्या वैमानिकांत ‘द किड’ होता. कित्येक ग्लायडर उतरताना मोडले, तो परतला. मग छोटी-मोठी कामं, टीव्ही, आणि १९६४ ते १९६६ ‘द अॅडम्स फॅमिली’ मालिकेतला टकला, विचित्र फेस्टर काका. अमेरिकेतल्या त्या पिढीच्या मुलांना जॅकी कूगन म्हटलं की हाच चेहरा आठवतो. १ मार्च १९८४ला तो गेला, ६९ वर्षांचा होऊन, शेवटच्या लग्नाचा तीस वर्षांहून जास्त संसार करून. उद्ध्वस्त बालनट वगैरे जे आपण म्हणतो त्यात तो नीट बसत नाही.

आता तुमचं. आपल्याकडे २०१६मध्ये बालकामगार कायदा बदलला आणि २०१७च्या नियमांत बालकलाकारांसाठी स्पष्ट तरतुदी आल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, शाळा बुडता कामा नये. निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस सेटवर हवा. आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं थेट मुदत ठेवीत जायला हवेत, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतील.

कागदावर ठेवीची अट कॅलिफोर्नियापेक्षाही कडक आहे. सेटवर काय होतं ते मी बघते. ‘पाच तास’ कॉल टाइमपासून, म्हणजे सेटवर हजर व्हायच्या वेळेपासून मोजायचे की पहिल्या शॉटपासून, यावर सकाळीच हुज्जत होते. मेकअप, कपडे, वाट बघत बसणं हे कुणी धरतच नाही. एका ठिकाणी ‘ठेवीचं नंतर बघू, आधी चेक तर घ्या’ असं मला सांगितलं गेलं, आणि मान डोलावणारे मुलाचे वडीलच होते.

म्हणून होकार किंवा नकार देण्याआधी प्रॉडक्शनच्या माणसाला विचारा: परवानगीच्या कागदाची प्रत मिळेल का, सेटवर मुलासाठी नेमलेला माणूस कोण आणि तो नुसता नावाला आहे की दिवसभर थांबणार आहे, तासांची नोंद कोण ठेवणार. करारात मुदत ठेवीची ओळ दाखवायला सांगा. ती पहिल्या पेमेंटपासून लागू हवी, शेवटच्या नव्हे. २० टक्के ही किमान मर्यादा आहे, तुम्हाला शंभर टक्के ठेवायला कुणी अडवलेलं नाही. येण्या-जाण्याचा आणि तुमच्या बुडालेल्या पगाराचा खर्च वळता करायचाच असेल तर तो आधी लिहून ठेवा, रक्कम ठरवून. मुलाचं पॅन कार्ड काढून घ्या आणि ठेवीच्या पावत्या एका फाईलमध्ये लावा. अठराव्या वाढदिवशी ती फाईल त्याला द्यायची आहे हे आजच नवऱ्याशी बोलून ठरवा. आणि रडायच्या प्रसंगाचं शूटिंग असेल त्या दिवशी सेटवर तुम्ही स्वतः जा.